नाल्यापलीकडची सभा

४ जानेवारी, गडचिरोली

आज मंचावर एक उत्तर झाकलं.

'धुरा' नावाचं ॲप वापरणाऱ्यांचा हा इंटरनेटवरचा मंच. फोन हातात घेऊन सीमेवरून चालायचं, चाललेली रेषा नकाशावर उमटते, एवढंच धुरा करतो. तो कुणाच्या मालकीचा नाही. ज्यांना प्रोग्राम लिहिता येतो ते फुकट लिहितात, ज्यांना लागतो ते फुकट वापरतात, आणि अडलं की मंचावर विचारतात. धुऱ्यातलं मराठी मी केलं, म्हणून मंचाच्या मराठी विभागाची देखरेखही माझ्याकडे आली. या कामात पुण्याचा अतुल सोबत असतो. आतलं गणित मला कळत नाही. कोण कुणाशी कसं बोलतं, ते मी बघते.

प्रश्न करिष्माचा होता. कोहकाटोल्याची करिष्मा, वनहक्काच्या दाव्यासाठी गावाच्या जंगलाची सीमा तिने आणि तिच्या गटाने चालून काढली. मी तिथे संस्थेतर्फे जाते. तिला मंचावर विचारायला मीच सांगितलं होतं. तिने लिहिलं होतं, 'चाललो तिथी रेष येऊन नाई राह्यली. जुन्या नकाशावर ठेवली की सरकून राह्यली. काय करावं?'

आदेशचं उत्तर: 'वाचायचा कंटाळा, विचारायची घाई. असे लोक नकाशे काढणार आणि त्यावर जंगल मागणार.' पुढे मापांबद्दल काही ओळी होत्या. त्याच सुरात असणार. पुढे वाचलं नाही.

धुऱ्यातला मोजमापाचा भाग आदेशनेच लिहिला आहे, मंचावरचं 'आधी हे वाचा' हे पहिलं पानही त्याचंच. राहतो वरोऱ्याला. गेल्या दिवाळीपर्यंत तो असा नव्हता. उत्तराखाली चहाचा कप काढायचा. आताशा दोन ओळींत समोरच्याला कापतो. आपल्यावाचून चालत नाही हे डोक्यात गेलं असावं.

ही तिसरी वेळ. नियमाप्रमाणे महिनाभर खातं बंद केलं. सोबत लिहिलं: 'आपल्या योगदानाबद्दल मंचाला नेहमीच आदर वाटतो. सर्वांसाठी आपुलकीचं वातावरण राखणं ही आपली सामायिक जबाबदारी आहे. काही काळ विश्रांती घेतल्यास आपल्यालाही बरं वाटेल, असा विश्वास आहे.' पुन्हा पुन्हा वाचलं. एकही शब्द टोचणारा नाही.

करिष्मालाही लिहिलं. 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.'

अतुलने अंगठा पाठवला.


७ जानेवारी, कोहकाटोला

करिष्माने ते उत्तर पाहिलं होतं, पण पहिल्या दोनच ओळी. वाटेत क्षणभर रेंज आली तेव्हा फोनच्या वरच्या पट्टीत तेवढ्याच आल्या. गावात रेंज नाही. नाल्यापलीकडच्या टेकडीवर चढली तेव्हा उत्तर झाकलेलं होतं. 'हा मजकूर देखरेख मंडळाने झाकला आहे' एवढंच दिसलं.

मी म्हटलं, आता तो माणूस बोलणार नाही. तिने मान हलवली. तिला बरं वाटलं असावं.

मग नकाशा पाहिला. कार्यालयातून मिळालेला जुना नकाशा माझ्या लॅपटॉपवर आहे, त्यावर तिची रेषा. नाल्यापलीकडे टेकडी, टेकडीवर गावाचा पेनठाणा, म्हणजे देवांची जागा, आणि मागे बांबूचं बन. गट बनाच्याही पलीकडून चालला होता. नकाशात रेषा पेनठाण्याच्या अलीकडून जाते. असाच नकाशा दाव्याला जोडला, तर देव आणि बांबू दोन्ही गावाच्या जंगलाबाहेर.

पडताळणीचं पथक २९ तारखेला येणार आहे. त्याआधी ग्रामसभेने नकाशाला मान्यता द्यायला हवी.

करिष्मा म्हणाली, एकच बाजू नाही, सगळीच रेषा सरकली आहे. मी म्हटलं, चालताना कुठे तरी चूक झाली असेल, पुन्हा एकदा चालून बघा. शांतपणे म्हटलं. तिने हो म्हटलं.


१० जानेवारी

गट पुन्हा चालला. सकाळच्या दवात निघाले, अंधार पडताना परतले. रेषा आहे तशीच. करिष्माच्या पोटऱ्या बोरीच्या काट्यांनी ओरबाडल्या आहेत.

मंचावर पुन्हा विचार म्हटलं. 'नाई,' म्हणाली. मी विचारलं असतं, पण काय विचारायचं ते मला नीट मांडता आलं नाही.

मंच शांत आहे. आदेश नसल्यापासून मोजमापाचे प्रश्न साचत चाललेत. प्रत्येकाला मी 'आपल्या संयमाबद्दल आभार' लिहिते. एकाने लिहिलं, हल्ली इथे बोलण्याची पद्धत फार सुधारली आहे.


१२ जानेवारी, कोहकाटोला

ग्रामसभा. नकाशा मंजूर झाला नाही. कारण लिहून ठेवते, कारण मला ते अजून नीट पटलेलं नाही.

मंगरूभाऊ अध्यक्ष आहेत. त्यांनी नकाशाचं विचारलं. करिष्मा उभी राहिली. रेषा सरकते, मंचावर विचारलं, तिथे एक माणूस असं बोलला. आणि ते वाक्य तिने जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग म्हणाली, दीपिकाबाईंनी त्याचं तोंड बंद केलं. मला वाटलं, लोकांना समाधान वाटेल.

मंगरूभाऊंनी विचारलं, "थो मानूस आता कुठी आहे?"

महिनाभर बाहेर आहे, मी म्हटलं. बाहेर म्हणजे बोलू शकत नाही. बाकीच्यांचं वाचू शकतो.

ते विचारात पडले. तेवढ्यात बुधरीबाई गोंडीत काही म्हणाल्या आणि बायका हसल्या. बुधरीबाई गावात सगळ्यांत वडील; सभेत खांबाला टेकून बसतात. करिष्माने मला मराठीत सांगितलं. "ते म्हन्ते, मानसाले झाडाले बांधून सभा दाखवून राह्यले का तुमी?"

मग मंगरूभाऊंनी गावची रीत सांगितली. कोणी कोणाला वाईट बोललं, तर त्याने ते सभेत पुन्हा बोलायचं. तेच शब्द, ज्याला बोलला त्याच्या समोर. ज्याला बोललं गेलं, त्याने मग उत्तर द्यायचं. तोवर त्या कामातला कोणताही निर्णय होत नाही. आणि बोलणारा रुसून निघून गेला असेल, तर त्याला आणायला जायचं.

मी म्हटलं, तो गावचा नाही. त्याने गाव पाहिलेलंही नाही.

"गावचा नाई," मंगरूभाऊ म्हणाले. "पन रेष त्याचीच वापरून राह्यलो न आपुन? थो या कामातला मानूस आहे. त्याले बाहेर ठेवून ठराव कसा होईन?"

मी पथकाच्या तारखेची आठवण दिली. ते म्हणाले, तारीख त्यांची आहे, सभा आपली आहे. मी विचारलं, निदान रेषेचं तरी आज बोलायचं का? सभा पुढच्या विषयाकडे गेली. हातपंपाचं चाललं, बराच वेळ.

उठताना बुधरीबाईंनी मला थांबवलं आणि मराठीत विचारलं, "तुमच्या थ्या सभेत लोकं किती?"

चारेक हजार असतील, मी म्हटलं.

"बसते कुठी?"


१३ जानेवारी

अतुलशी बोलले. त्याचं म्हणणं, नियम सगळ्यांना सारखा. आदेशने धुऱ्यासाठी कितीही केलं असो. आज त्याच्यासाठी वाकवला, तर उद्या उद्धट बोलणारा प्रत्येकजण आपलं काम दाखवेल. त्याचं बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने असल्याच उत्तरांना कंटाळून मंच सोडला, तेव्हा आम्हीच हा नियम केला. ती चांगलं लिहायची. ती परत आली नाही.

आदेशला ईमेल लिहिली. 'आपल्या सोयीनुसार आपल्याशी संवाद साधायला आवडेल.' उत्तर नाही.


१५ जानेवारी, वरोरा

मंगरूभाऊ, करिष्मा आणि मी. वडसा, नागभीड, चिमूर, वरोरा. नागभीडला गाडी पुष्कळ वेळ थांबली. आईचं घर स्टँडपासून दिसतं. उतरले नाही. मंगरूभाऊंच्या मांडीवर पिशवीत नव्या धानाचे तांदूळ होते. मी फोनवर मुद्दे काढून ठेवले होते, कोणत्या क्रमाने बोलायचं ते. त्यांनी विचारलं, काय लिहिता? सांगितलं. ते म्हणाले, आणायला जाणाऱ्याने विषय काढायचा नसतो. ज्याला राग आला तो काढतो.

आदेशने दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या बैठकीत अतुलला सांगितलं होतं, कापूस बाजाराच्या मागे राहतो. तेवढ्यावर घर सापडलं.

चाळिशीचा असेल. दाढी वाढलेली. आम्ही कोण ते सांगितलं, तेव्हा दारातच उभा राहिला, मग आत या म्हणाला. पुढच्याच खोलीत लोखंडी खाट, खाटेवर त्याचे वडील. अर्धं अंग गेलेलं. खाटेला लागून स्टूल, स्टुलावर लॅपटॉप. खोलीला तेलाचा आणि पावडरचा वास.

त्याने पाणी दिलं. आम्ही प्यायलो. मग कोणीच बोललं नाही. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात होत्या. तो जरा बसायचा, उठून खाटेपाशी जायचा, काही तरी सारखं करायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. आम्हाला टाळतो आहे हे उघड होतं. मी दोनदा बोलायला गेले. मंगरूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी थांबले.

एकदा तो वडिलांना कुशीवर वळवायला गेला, तेव्हा मंगरूभाऊ न विचारता उठले. त्यांनी खांदा धरला, त्याने कंबर. वळवून झाल्यावर मंगरूभाऊंनी पाठ पाहिली आणि म्हणाले, इथे कडुनिंबाचं तेल लावत जा. मग विचारलं, कधीपासून? दिवाळीपासून, तो म्हणाला. घरात दुसरं कोणी नाही. मंगरूभाऊ तिथेच खाटेच्या कडेला बसले आणि म्हाताऱ्याशी धानाबद्दल बोलू लागले. म्हातारा घशातून आवाज काढायचा आणि मंगरूभाऊ त्याला उत्तर द्यायचे. यात दुपार गेली. माझा जीव तारखेकडे लागलेला.

शेवटी आदेशच म्हणाला, "तुमी तक्रार घेऊन आले ना?"

"नाई," मंगरूभाऊ म्हणाले. "तुमाले न्यायले आलो. सभेत."

तो हसला. चेहरा हसणं विसरलेला वाटला. "याईले सोडून मी संडासलेही पळत जातो, भाऊ. गडचिरोली कुठी अन मी कुठी."

मंगरूभाऊ थोडा वेळ खाटेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, फोनवर या. गावात रेंज नाही, पण टेकडीवर आहे. सभा तिकडे नेऊ.

"अख्खी सभा?"

"मंग? अर्धी नेऊन काय करू?"

निघताना तो पहिल्यांदाच करिष्माकडे वळला आणि विचारलं, रेष किती सरकते? तिने उत्तर दिलं नाही. मंगरूभाऊच म्हणाले, सभेत सांगेल.

हे मला समजत नाही. ज्या उत्तरासाठी गट दोनदा जंगलभर चालला, ते उत्तर हाताच्या अंतरावर उभं होतं. विचारलं असतं तर चहा व्हायच्या आत मिळालं असतं. आम्ही तांदूळ ठेवले आणि निघालो.

गाडीत करिष्माने विचारलं, "बाई, तुमी झाकलं त्यात अजून काई लिवलं होतं का?"

आठवत नाही, मी म्हटलं.


१७ जानेवारी, गडचिरोली

झाकलेलं उत्तर मला उघडून पाहता येतं. आज तिथपर्यंत गेले. 'असे लोक' एवढं दिसलं आणि बंद केलं. तिच्या वाट्याला नको म्हणून झाकलेलं आपण पुन्हा वाचत बसणं बरं वाटेना.


१९ जानेवारी, कोहकाटोला

सगळं गाव नाला ओलांडून गेलं. नाल्याला घोट्याएवढं पाणी आहे. बुधरीबाईंना दोघींनी धरून नेलं. पोरं, कुत्री, एकाच्या डोक्यावर सतरंजी. पेनठाण्यापासून थोडं अंतर राखून, साजाच्या झाडाखाली सगळे बसले. मंगरूभाऊंनी आधी देवांच्या दिशेने हात जोडले. मग सूप पालथं घालून त्यावर करिष्माचा फोन ठेवला.

आदेशने लगेच उचलला. मंगरूभाऊंनी कोण कोण आलं आहे त्यांची नावं सांगितली. सांगून होईपर्यंत तिकडून तो हो, हो म्हणत होता. मग रीत सांगितली. जे बोललात ते बोला.

"ते लिवलेलं आहे मंचावर," तो म्हणाला.

"आमी वाचलं नाई. आयकू."

थोड्या वेळाने तो वाचून दाखवावं तसं बोलू लागला. "वाचायचा कंटाळा, विचारायची घाई." मग म्हणाला, "असे लोक."

पुढे आवाज आला नाही. रेंज गेली असावी असं वाटून मी फोन उचलायला वाकले. मंगरूभाऊंनी हात आडवा धरला. फोनमधून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला. मग खाट करकरली. पुन्हा खोकला. सभेत कोणी हललं नाही. लहान पोरंसुद्धा त्या सुपाकडे पाहत होती.

बऱ्याच वेळाने आदेश बोलला. "त्याच्यापुढं मी लिवलं होतं, की जुना नकाशा अन फोन, हे दोघं पृथ्वीचं माप येगळं धरतात. जुना नकाशा जुन्या मापाचा. दोनई एका मापात आनल्याशिवाय एकावर एक ठेवले, त सगळंच्या सगळं सरकते. चालनाऱ्याची चूक नाई ते."

मधलं वाक्य राहूनच गेलं. रेंजमुळेच असेल. कोणी त्याला ते पुन्हा मागितलं नाही.

मग करिष्माची पाळी. मला वाटलं, रडेल. ती उभी राहिली, सुपाकडे पाहून बोलली.

"वाचलं होतं मी. पैलं पान, पुरं. दोनदा. जुन्या नकाशाची गोष्ट नाई आहे त्यात."

"नाई?"

"नाई."

तिकडे कळफलक वाजला. "नाई आहे," तो म्हणाला. "मले वाटत होतं मी लिवलं."

"मंग जे लिवलंच नाई ते आमी कुठून वाचावं?"

बायकांतून कोणीतरी 'हां' म्हटलं. मग आदेशने विचारलं, तुम्ही सगळे आता बसले कुठे?

"टेकडीवर. पेनठाण्यापाशी."

जुना नकाशा फोनवर घे, तो म्हणाला, आणि त्यावर आपण कुठे दिसतो ते बघ. नकाशा आजवर माझ्याच लॅपटॉपवर होता. तो तिच्या फोनवर घालायला वेळ लागला. आदेश पायरी पायरीने सांगत होता, मध्ये एकदा 'ते नाई, त्याच्या खालचं, डोळे आहेत ना' म्हणाला, आणि करिष्मा 'आहेत, दोन आहेत' म्हणाली. मग तिने पडद्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

"काय दाखवते?"

"नाल्यात. आमी सगळे नाल्यात बसलो आहे."

फोन हातोहात फिरला. नकाशावर निळा ठिपका, बरोबर पाण्याच्या मधोमध. लोक ठिपका पाहायचे, मग खाली वाहणाऱ्या नाल्याकडे पाहायचे. बुधरीबाईंकडे फोन आला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, मग आपल्या लुगड्याचा काठ चाचपून पाहिला आणि गोंडीत म्हणाल्या, कोरडं आहे. सगळी टेकडी हसली. फोनमध्ये आदेश विचारत होता, काय झालं, काय झालं.

दोन्ही मापं जुळवायची कशी, ते त्याने सांगितलं. करिष्माने तिथेच केलं. ठिपका नाल्यातून निघून टेकडीवर आला. रेषा बनाच्या मागे गेली, जिथून ते चालले होते.

मला वाटलं, झालं. पण बुधरीबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मंगरूभाऊ म्हणाले, "बाई, तुमीई बोलल्या होत्या न त्याले. तुमचंई आयकू."

मी कोणाला वाईट बोलले नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, तरी. मी फोनवर शोधून वाचलं. आपल्या योगदानाबद्दल, इथपासून असा विश्वास आहे, इथपर्यंत. करिष्मा गोंडीत सांगत गेली. माझं एवढं मोठं वाक्य तिच्या दोन-तीन शब्दांत संपायचं. शेवटी बुधरीबाईंनी काही विचारलं.

"ते विचारून राह्यली, याच्यात बाहेर जा म्हनलं ते कुठी आहे?"

मी पुन्हा पाहिलं. 'विश्रांती' हा शब्द दाखवला.

सुपावरून आदेशचा आवाज आला. "मलेही नाई समजलं होतं थ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी लिवाले गेलो अन लिवूच देईना, तवा समजलं."

यावर कोणी हसलं नाही. बुधरीबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मग त्यांनी मला जवळ बसायला जागा केली. का, ते मी विचारलं नाही.

ठराव झाला. मंगरूभाऊंनी एकेकाला विचारलं, आणि फोनलाही विचारलं.


२९ जानेवारी, कोहकाटोला

पथक आलं. साहेब म्हणाले, जुन्या नकाशावर बसवताना या रेषा नेहमीच सरकतात. करिष्मा म्हणाली, चला. त्यांना बूट काढून नाला ओलांडावा लागला. टेकडीवर तिने फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी ठिपका पाहिला, उघड्या पायांखालची जमीन पाहिली, चार पावलं चालून ठिपका चालतो का पाहिलं. मग बनाच्या मागपर्यंत तिच्यासोबत गेले. परत आल्यावर सही केली.

दाव्याचा निकाल यायला किती महिने जातील, कोणी सांगू शकत नाही. पण जो नकाशा गेला आहे, त्यात पेनठाणा आत आहे, बनही.

मंगरूभाऊंनी वरोऱ्याला फोन लावायला सांगितलं. मला वाटलं, नकाशाचं सांगायला. त्यांनी आधी तेलाचं विचारलं. पाठीवरची जखम सुकते आहे का ते.


३१ जानेवारी, गडचिरोली

जुन्या नकाशाचं पान करिष्माने लिहिलं. आज मंचावर पहिल्या पानाखाली लावलं. मी फक्त चार ठिकाणी काना-मात्रा पाहिल्या. 'चालनाऱ्याची चूक नाई' हे वाक्य तिने तसंच ठेवलं आहे. मीही ठेवलं.

आदेशला अजून लिहिता येत नाही, वाचता येतं. त्याने तिला फोन केला. ती सोबतच होती, ऐकू येत होतं. तिसरी ओळ साफ चुकली आहे, टाकण्याआधी कोणी वाचत नाही का, डोकं गहाण ठेवता का.

"ते तुमचीच ओळ आहे," ती म्हणाली. "टेकडीवर सांगतली होती. जशीच्या तशी लिवली."

तिकडून, "लिवा मंग. आदेश चुकला."

"तेवढं नाई लिवत. ओळ दुरुस्त करतो."

ती गेल्यावर मी झाकलेलं उत्तर उघडलं. पहिल्या दोन ओळी ठाऊक होत्या. खाली मापांचं सगळं होतं, टेकडीवर सांगितलं तसंच, उलट जास्त नीट. आणि शेवटी, 'जमलं नाही तर फोन करा, दिवसभर घरीच असतो', आणि त्याचा नंबर.

अतुलला लिहिलं, मुदत संपायच्या आधी खातं उघडते आहे. त्याने विचारलं, माफी मागितली का त्याने? मी विचार केला. नाही, म्हटलं. मग कशाच्या आधारावर, त्याने विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. तो म्हणाला, नोंद राहते, जबाबदारी तुझी.

उत्तरावरचं झाकण काढलं, सगळ्याच ओळींवरचं. करिष्माला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, दिसू द्या, त्याच्या पानाखाली माझंही पान आहे न.

खातं उघडताना मंच कारण विचारतो. ती जागा रिकामी ठेवता येत नाही. इतर वेळी तिथे काय लिहायचं ते मला पाठ असतं. आज बराच वेळ काही सुचलं नाही. शेवटी लिहिलं: आदेश सभेला हजर होते.